दासगावच्या धक्क्यापुढची गोष्ट

आमच्या कशेडीत मुंबईला जाण्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. घरटी एखादा गिरणीत किंवा गोदीत असायचाच आणि शिमग्या-गणपतीला घाट चढून यायचाच. गेला तो गेलाच, असा माणूस मला आजीच्या तोंडून पहिल्यांदा भेटला. तिच्या सासरघराण्यातला एक तरणाताठा गडी बायकोला घेऊन घाट उतरला, पोलादपूर-महाडवरून चालत दासगाव बंदराला गेला, बाणकोटच्या खाडीतून गलबतानं मुंबई आणि तिथून जहाजानं मॉरिशस. का गेला, विचारलं की आजी म्हणायची, "दुष्काळ नव्हता रं बाबा, सावकार व्हता."

पुढचं तिला ठाऊक नव्हतं. आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या असल्या सगळ्या गोष्टी दासगावच्या धक्क्यावर थांबतात. मला मात्र त्या गड्यापेक्षा त्याच्या बायकोची काळजी वाटत आली आहे. सासरी गेलेली पोर निदान सणाला माहेरी येते. हिनं उसाच्या मळ्यावरच्या छावणीत चूल मांडली.

मॉरिशसमध्ये 1835 साली गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांना हात हवे झाले. 2 नोव्हेंबर 1834 रोजीच कलकत्त्याहून 'अ‍ॅटलास' जहाज 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. तेव्हापासून 1910 पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून तिथे उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणची माणसं बरीच होती. करार 5 वर्षांचा. सुरुवातीला मजुरी महिना 5 रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा कायदा. घरात पोर तापानं फणफणलेलं असताना बापानं काय करावं? आणि ताप तरी केवढा! 1866 ते 1868 या वर्षांत मलेरियानं बेटावरची हजारो माणसं नेली. पोलादपूरकडच्या बाईला पावसाची काय भीती? पण तिथला पाऊस ऐन मार्गशीर्ष-पौषात कोसळतो, वादळं घेऊन येतो, आणि सभोवार भाताच्या खाचरांऐवजी ऊसच ऊस. पोटाला लागणारा तांदूळसुद्धा जहाजानं यायचा.

बंदरावर नोंद व्हायची: नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा. आडनावाला जागा नव्हती. म्हणून गेलेल्याचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. आज तिथल्या मराठी घरांची आडनावं रामजी, सखाराम अशी आहेत. मोरे, जाधव, सकपाळ ही नावं खाडीतच राहिली. भावकीचा धागा तुटला तो इथे, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

तरीही संसार उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळेवाले जमिनीचे तुकडे विकू लागले, तेव्हा बायकांनी पै-पै साठवून ठेवलेला पैसा कामी आला असणार, असं मला वाटतं. मुलं तिथली क्रिओल भाषा बोलू लागली, ते होणारच होतं. बाजारात, शेजाऱ्याशी तीच भाषा. मराठी टिकली ती देवापुढे. आपल्याकडे गणपतीत जाखडी नाचतात: मधे मृदंग आणि गाणारा, भोवती रिंगण, पायात चाळ, आणि सगळ्यांचा पाय एकदम पडतो. तिथे तिला झाकरी म्हणतात. घरात क्रिओल बोलणारा पोरगाही त्या रिंगणात मराठी गाणं गातो. पुस्तकातून शिकलेली भाषा दोन पिढ्यांत विसरली असती. ही त्यांच्या पायांनी धरून ठेवली. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवतात, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतही तिचा अभ्यास चालतो. मजूर जिथे उतरत त्या आप्रवासी घाटाला 2006 साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

महात्मा गांधी संस्थेत बंदरावरच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. तिथली माणसं कारकुनानं कानावर पडेल तसं लिहिलेलं गावाचं नाव घेऊन मूळ शोधत कोकणात येतात. असं कुणी घाट चढून कशेडीत आलं, तर आजीची गोष्ट त्यांना धक्क्यापर्यंत सांगेन. पुढची त्यांनी सांगावी: त्या गड्याची बायको तिथे काय रांधायची, पोरांना कुठल्या देवाच्या पाया पडायला लावायची, आणि तिचं नाव काय होतं.