अस्थिभंगोत्तर जीवनगुणवत्ता, वृद्धांची (मावळ–लोणावळा)

साठीनंतर हाड मोडलेला माणूस आपल्या पूर्वीच्या हिंडण्याफिरण्यास, स्वावलंबनास, नित्याच्या कामास, निर्वेध झोपेस आणि चित्तस्वास्थ्यास किती मुदतीत व किती अंशाने परत येतो, याचा विचार या विषयात केला जातो. हाड सांधले की रोगी बरा झाला, ही समजूत क्ष-किरण छायाचित्रापुरती खरी असली, तरी सांधलेल्या हाडाचा धनी पुढे वर्षभर उंबऱ्याबाहेर पडत नाही असेही अनेकदा घडते. म्हणूनच गेल्या अर्धशतकात या शाखेचे लक्ष हाडावरून माणसाकडे वळले.

परिसर : पुणे जिल्ह्याच्या वायव्येस, सह्याद्रीच्या माथ्यालगत पसरलेला मावळ तालुका (मुख्य ठिकाण वडगाव) आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ अशा खोऱ्यांत विभागलेला असून भात हे येथील प्रमुख पीक होय, ‘इंद्रायणी’ हा प्रसिद्ध वाण वडगावच्या भात संशोधन केंद्रातूनच निघाला. लोणावळ्याच्या बाजूस पाऊस अत्यंत जोराचा. आषाढात बांध निसरडे होतात, अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरते, आणि चिखलणी-लावणीच्या घाईत घरी वृद्धांजवळ थांबण्यास कोणी मोकळे नसते. एकीकडे लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतून राहणारे निवृत्त लोक, तर दुसरीकडे डोंगरउतारावरच्या ठाकर, कातकरी व धनगर वस्त्या, अशी दोन टोके एकाच तालुक्यात असल्यामुळे येथील वृद्धांविषयी सरसकट विधान करणे धाडसाचे ठरते.

कारणे : वार्धक्यातील बहुतेक अस्थिभंग उंचावरून पडून नव्हे, तर उभ्या उंचीवरून व तेही घरातल्या घरात पडून होतात. मूळ कारण अस्थिसुषिरता, म्हणजे बोलीत ज्याला ‘हाडे ठिसूळ होणे’ म्हणतात ती अवस्था. अस्थिघनतेचा टी-अंक उणे २.५ किंवा त्याहून खाली गेल्यास ती मानावी, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घालून दिला. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांत हिचे प्रमाण वाढते. मोतीबिंदू, झोपेच्या गोळ्या, अपुरा उजेड व ड जीवनसत्त्वाची उणीव ही साहाय्यक कारणे.

प्राचीन विचार : सुश्रुतसंहितेत भग्नाचे कांडभग्न व संधिमुक्त असे दोन वर्ग करून पहिल्याचे १२ व दुसऱ्याचे ६ प्रकार दिले आहेत. पूर्ववयात एका महिन्यात सांधणारे हाड मध्यम वयात दुप्पट व उत्तरवयात तिप्पट काळ घेते, हे त्यातील निरीक्षण स्थूलमानाने आजही ग्राह्य वाटते. कांडवेल (हाडसांधी) या वनस्पतीचा लेप व सेवन ग्रामीण भागात रूढ आहे. तिच्या परिणामकारकतेविषयी मतैक्य नाही.

खुब्याचा अस्थिभंग : मांडीच्या हाडाची मान किंवा तिच्या खालचा भाग मोडणे हा सर्वांत गंभीर प्रकार. शक्य तितक्या लवकर, साधारणतः ३६ ते ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया करावी, सळई किंवा प्लेट बसवून, अथवा लोक ज्याला ‘गोळा बदलणे’ म्हणतात त्या पद्धतीने सांधा पुनःस्थापित करावा, आणि दुसऱ्याच दिवशी रोग्यास उभे करावे, असा आजचा दंडक आहे. कारण अंथरूण धरलेल्या वृद्धास शय्याव्रण, फुप्फुसदाह व शिरांतील रक्ताच्या गुठळ्या मोडलेल्या हाडापेक्षा अधिक घातक ठरतात. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांनुसार पहिल्या वर्षात मृत्यूचे प्रमाण सुमारे २० ते ३० टक्के असते, आणि जे वाचतात त्यांपैकी ४० ते ६० टक्केच पूर्वीइतके हिंडूफिरू लागतात. सुधारणेचा मोठा हिस्सा पहिल्या सहा महिन्यांत पदरात पडतो. दुर्गम वाडीवरून पक्क्या सडकेपर्यंत झोळीतून किंवा डोलीतून आणि तेथून वाहनाने तळेगाव, पिंपरी किंवा पुणे गाठावयाचे असल्यास ३६ ते ४८ तासांची मर्यादा पाळणे दुष्कर होते.

मनगटाचा अस्थिभंग : वर्षभरात जीवनगुणवत्ता बहुधा पूर्ववत होते.

मणक्याचा अस्थिभंग : पुष्कळदा न कळताच होतो, पाठ वाकते, उंची घटते व दुखणे म्हातारपणाच्या खाती जमा होते.

मापन : बार्थेल निर्देशांक (१९६५), हॅरिस खुबा-गुणांक (१९६९) आणि युरोपात १९९० मध्ये सिद्ध झालेली ‘ईक्यू-५डी’ ही प्रश्नावली ही प्रमुख साधने. शेवटच्या साधनात चालणे, स्वतःची निगा, नित्याची कामे, वेदना व चिंता-विषण्णता अशी पाच अंगे तपासली जातात. तथापि जमिनीवर मांडी घालणे, उकिडवे बसून चूल फुंकणे, बैठ्या शौचकूपाचा वापर करणे, या क्रियांची त्यात स्वतंत्र नोंद नाही. कृत्रिम गोळा बसविलेल्या रोग्यास निदान सुरुवातीचे काही महिने मांडी घालणे व उकिडवे बसणे सामान्यतः वर्ज्य असते. त्यामुळे काठी टेकत देवळापर्यंत जाणारी मावळातील आजी प्रश्नावलीत उत्तम गुण मिळवूनही पंगतीत पाटावर बसू शकत नाही, भाताच्या खाचरात उतरू शकत नाही आणि आपल्या घरात पाहुण्यासारखी खुर्चीवर राहते. ही उणीव या विषयातील मुख्य उणीव होय.

योगोपचार व कैवल्यधाम : स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले व त्याच वर्षी ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचा शरीरव्यापारावर होणारा परिणाम क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने तपासण्याचा येथील प्रघात त्या काळी अपूर्व होता. आश्रमात हाडे जोडली जात नाहीत. परंतु हाड सांधल्यानंतरचा तोल, श्वसन व पडण्याची धास्ती यांचा विचार योगचिकित्सेच्या कक्षेत येतो. कोणते आसन करावे यापेक्षा कोणते टाळावे, हे येथे अधिक महत्त्वाचे. अस्थिसुषिरतेमुळे मणका खचलेल्या स्त्रियांचा मेयो चिकित्सालयातील अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के, तर पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी अवघ्या १६ टक्के स्त्रियांना मणक्यांत नवी इजा झाली. म्हणून अशा रोग्यांनी पश्चिमोत्तानासन व हलासन वर्ज्य करावे. भुजंगासनाचे सौम्य रूप वैद्यकीय देखरेखीखाली करण्यास हरकत नसावी.

अन्य संस्था : तळेगाव दाभाडे येथील ‘माईर’चे वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले ग्रामीण रुग्णालय, लोणावळ्यात नौदलाचे ‘कस्तुरी’ रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, पुण्याचे संचेती रुग्णालय (१९६५).

औषधोपचार : एकदा हाड मोडलेल्यास पुन्हा मोडण्याचा धोका वाढतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षातून एकदा शिरेतून दिलेल्या झोलेड्रोनिक अम्लाने नवे अस्थिभंग व मृत्यू या दोहोंचे प्रमाण घटल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. असे असूनही शस्त्रक्रियेचा दाखला हाती पडताच अस्थिसुषिरतेचा उपचार बहुधा राहूनच जातो.

शासकीय साहाय्य : महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, तसेच ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना काठी, वॉकर, कमोडची खुर्ची इत्यादी साधनांसाठी ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना (२०२४).

समारोप : शुश्रूषेचा भार प्रत्यक्षात सुनेवर किंवा लेकीवर पडतो व त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा, रात्री मोरीपर्यंत दिवा, शेवाळ खरवडलेले अंगण आणि पहिले सहा महिने रोज हात धरून चालविणारे माणूस, एवढी तजवीज झाली तर शस्त्रक्रियेचा खर्च सार्थकी लागतो. ती न झाल्यास हाड सांधूनही माणूस खाटेलाच खिळून राहतो.