स्कॉटलंडची कढई

श्रोतेहो, भजी कशाची होतात, असं आपल्याकडच्या एखाद्या सुगरणीला विचारा. कांदा, बटाटा, घोसाळी, मिरची, ओव्याची पानं, केळं अशी नावं ती एका दमात घेईल. पण चॉकलेटची भजी होतात असं सांगितलंत, तर ती पदर तोंडाला लावून हसेल. स्कॉटलंडात मात्र ती होतात. लोक पैसे मोजून ती विकत घेतात, आणि गेली तीसेक वर्षं सारं जग त्यांपायी त्या देशाची थट्टा करत आलं आहे. या थट्टेखाली एक मोठा इतिहास झाकून गेला. तो कष्टकऱ्यांचा आहे, आणि परदेशातून पोटासाठी आलेल्या माणसांचा आहे. आज बोलायचं आहे ते त्याविषयी.

स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनच्या बेटाचा उत्तरेकडचा भाग. थंडी, पाऊस आणि बोचरा वारा यांचा मुलूख. तिथं गावोगावी एक तळणाचं दुकान असतं. त्याला ‘चिप शॉप’ म्हणतात, बोलीत नुसतं ‘चिपी’. मुख्य माल दोन : मैद्याच्या सरबरीत पिठात बुडवून तळलेला मासा आणि बोटाएवढ्या जाड कापून तळलेल्या बटाट्याच्या फोडी. वर मीठ आणि शिरका. ग्लासगोकडे ही रीत. एडिंबरोकडे शिरक्याऐवजी एक तपकिरी आंबटगोड रस्सा शिंपडतात, आणि यातलं चांगलं कोणतं यावर दोन्ही शहरांची माणसं हिरीरीनं वाद घालतात. पुडी बांधून घ्यायची आणि ऊन ऊन खात घरी जायचं.

हा मासा मुळात स्कॉटिश नव्हे. स्पेन-पोर्तुगालमधून हाकलले गेलेले ज्यू लोक लंडनला येऊन राहिले, ते शब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही म्हणून आदल्या दिवशी मासा तळून ठेवत. त्यांची ही रीत हळूहळू लंडनच्या गल्ल्यांत पसरली. तळलेला मासा आणि तळलेला बटाटा यांची जोडी पहिल्यांदा कुणी जमवली, यावर लंडन आणि लँकेशायर अजून भांडतात. काळ मात्र दोघेही १८६० च्या आसपासचाच सांगतात. स्कॉटलंडातलं डंडी शहर निदान बटाट्यावर तरी हक्क सांगतं. एडवर्ड द गेर्निए नावाच्या एका बेल्जियन माणसानं १८७० नंतरच्या दशकात तिथल्या बाजारात बटाट्याच्या तळलेल्या फोडी विकायला सुरुवात केली, असं डंडीकर सांगतात. जाता जाता एक गोष्ट सांगतो. आपण ज्याला ‘बटाटा’ म्हणतो तो शब्द पोर्तुगिजांनी आणला. म्हणजे नाव असो की पदार्थ, या कंदाला कुठंच स्वस्थ बसवत नाही.

आता डंडीच का? डंडी हे तागाच्या गिरण्यांचं शहर. बंगालच्या शेतकऱ्यानं पिकवलेला ताग जहाजांनी तिथं जाई आणि त्याची पोती विणली जात. या गिरण्यांत बायका मोठ्या संख्येनं कामाला होत्या. दिवसभर मागापाशी उभं राहून घरी आलेल्या बाईनं चूल कधी पेटवायची आणि पोरांना काय वाढायचं? चार पैशांत भरपूर, ऊन आणि पोट धरणारं अन्न कोपऱ्यावर मिळत असेल, तर ती ते घेणारच. तिकडे १८८२ साली ॲबर्डीन बंदरात वाफेवर चालणाऱ्या बोटींनी जाळी ओढायला सुरुवात झाली होती. मासळी ढिगांनी येऊ लागली आणि रेल्वेनं ती बर्फात घालून गावोगावी जाऊ लागली. स्वस्त मासळी, स्वस्त बटाटा आणि दमलेली माणसं. पहिल्या महायुद्धाच्या आधी साऱ्या ब्रिटनमध्ये अशी दुकानं पंचवीस हजारांच्या घरात गेली होती.

स्कॉटलंडातली ही दुकानं चालवली कुणी? फार मोठ्या प्रमाणावर इटालियन लोकांनी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीच्या डोंगराळ भागांतून, मुख्यतः तस्कनीतल्या बार्गा गावाच्या परिसरातून आणि रोमच्या दक्षिणेकडच्या पिचिनिस्कोसारख्या खेड्यांतून माणसं बाहेर पडली. घरची जमीन तुकड्यातुकड्यांची, खाणारी तोंडं जास्त. आपल्याकडे कोकणातला माणूस मुंबईला गेला, तसेच हे लोक ग्लासगोला आणि एडिंबरोला गेले. कुणी प्लास्टरच्या मूर्ती विकल्या, कुणी बर्फाचं आइस्क्रीम ढकलगाडीवर घालून फिरवलं. पण आइस्क्रीम उन्हाळ्याचा धंदा, आणि स्कॉटलंडचा उन्हाळा तो केवढा! मग हिवाळ्यासाठी त्यांनी तळणाची कढई मांडली. एकानं दुकान थाटलं की गावाकडून भाचा, पुतण्या, मेव्हणा बोलवायचा. तो चार वर्षं राबून पुढच्या गावात आपलं दुकान टाकायचा. स्कॉटिश लोक त्यांना ‘टॅली’ म्हणत. म्हणजे इटालियनचं बोलीतलं रूप. त्यात थोडी हेटाळणी होती आणि थोडं आपलेपणही. रविवारी दुकान उघडं ठेवतात, तरुण पोरं-पोरी तिथं रेंगाळतात, म्हणून धर्मनिष्ठ मंडळी या दुकानांवर डोळे वटारत. पण गिऱ्हाईक काही तुटलं नाही.

मग १० जून १९४० उजाडला. मुसोलिनीनं ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच रात्री एडिंबरोत आणि ग्लासगोत जमावांनी इटालियन दुकानांच्या काचा फोडल्या, माल लुटला. काल ज्याच्या हातची पुडी घेतली, त्याच्याच दारावर आज दगड. पोलिसांनी इटालियन पुरुषांना घरांतून धरून नेलं. त्यांपैकी कितीतरी जण तिथं उभा जन्म काढलेले; काहींची मुलं ब्रिटिश सैन्यात होती. इटालियन आणि जर्मन मिळून बाराशेच्या आसपास कैद्यांना ‘अरँडोरा स्टार’ नावाच्या जहाजात भरून कॅनडाकडे पाठवलं. २ जुलै १९४० रोजी सकाळी आयर्लंडच्या वायव्येला एका जर्मन पाणबुडीनं ते जहाज बुडवलं. आठशेहून अधिक माणसं गेली. त्यांत चारशेहून अधिक इटालियन होते.

एडिंबरोजवळच्या लीथ बंदरात आइस्क्रीमचं दुकान चालवणाऱ्या एका घरात एदुआर्दो पाओलोझ्झी हा मुलगा १९२४ साली जन्मला होता. त्याचे वडील, आजोबा आणि मामा त्या जहाजावर गेले. तो स्वतः सोळा वर्षांचा, पण त्यालाही तुरुंगात टाकलं होतं. हाच मुलगा पुढं ब्रिटनचा नामांकित शिल्पकार झाला आणि १९८९ साली राणीनं त्याला सर ही पदवी दिली. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात युद्धाचा धडा शिकवताना ही हकिगत जरूर सांगावी. सनावळीपेक्षा मुलांच्या ती जास्त ध्यानात राहील.

युद्ध संपलं आणि दुकानं पुन्हा उघडली. आता त्या कढईत आणखी काय काय जातं ते पाहू. मासा महाग झाला की दुकानदार शेजारच्या खाटकाकडे बघतो. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, हृदय आणि फुप्फुस बारीक करून, ओटचं भरड पीठ, कांदा आणि चरबी घालून केलेला खिमा. पूर्वी तो मेंढीच्या पोटातच भरून उकडत. कवी रॉबर्ट बर्न्सनं या हॅगिसवर कविता केली आणि दरवर्षी २५ जानेवारीला त्याच्या जन्मदिवशी स्कॉटिश लोक ते मानानं पानात वाढतात. तेच हॅगिस चिपीत पिठात बुडवून तळतात. रक्ताचं काळं पुडिंग आणि ओट-कांद्याचं पांढरं पुडिंग यांचीही तीच गत. या सगळ्याबरोबर बटाट्याच्या फोडी घेतल्या की त्याला ‘सपर’ म्हणायचं : हॅगिस सपर, पुडिंग सपर. एवढंच काय, पिझ्झा नावाची इटालियन चीज-टोमॅटोची भाकर मधोमध दुमडतात आणि तीही तळून काढतात. इटलीतल्या आजीनं पाहिलं तर कपाळाला हात लावील.

तळण्यामागचं शास्त्र आपल्या भज्याचंच. पिठाचं कवच तापल्या तेलात झटकन कडक होतं आणि आतला जिन्नस वाफेवर शिजतो. जुन्या दुकानांत तेलाऐवजी गुरांची चरबी वापरत, अजूनही काही ठिकाणी वापरतात. चॉकलेट तळायचं तर ते आधी थंडगार करावं लागतं, नाहीतर पीठ कडक होण्याआधी ते पाघळून कढईत पसरायचं.

हा चॉकलेटचा प्रकार जुना नाही. ॲबर्डीनच्या दक्षिणेला स्टोनहेवन नावाचं बंदराचं गाव आहे. तिथल्या एका चिपीत १९९२ च्या सुमारास मार्स नावाची चॉकलेटची कांडी पिठात बुडवून तळली गेली, असं सांगतात. १९९५ च्या ऑगस्टात ॲबर्डीनच्या सायंदैनिकानं ती बातमी छापली. मग मोठ्या वर्तमानपत्रांनी ती उचलली आणि बघता बघता ती जगभर झाली. ही नुसती कंडी आहे की खरी गोष्ट, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी स्कॉटलंडभरच्या चिपींना फोन केले आणि आपला अहवाल २००४ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापला. सुमारे पाचांतल्या एका दुकानात ही कांडी मिळत होती, आणि घेणारी बहुतेक मुलं होती. म्हणजे गोष्ट खरी. पण पाचांतल्या चार दुकानांत तेव्हा ती मिळत नव्हती, हेही तितकंच खरं. स्कॉटलंडात हृदयविकार फार, ही काळजी खोटी नाही. पण तिचं खापर एका मिठाईवर फोडणं मला पटत नाही. गरिबी, थंडी, दारू, तंबाखू आणि रोजचं तळण ही कारणं जुनी आहेत. त्यांची बातमी होत नाही इतकंच. स्टोनहेवनच्या दुकानानं ‘जन्मस्थान’ म्हणून मोठा फलक लावला होता. गावाची शोभा जाते म्हणून २०१५ साली तिथल्या कौन्सिलनं तो काढायला सांगितलं.

मधल्या काळात फाळणीनंतर पंजाबातून, भारत-पाकिस्तान दोन्हीकडून, लोक ग्लासगोला जाऊन राहिले होते. त्यांनी बेसन नेलं. आता तिथं हॅगिसचे पकोडे मिळतात. आत मेंढीचं काळीज आणि ओट, वर हरभऱ्याचं पीठ आणि मसाला.

आणि इटलीतलं ते बार्गा? तिथल्या कितीतरी घरांतली माणसं स्कॉटलंडात, आणि परत आलेल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ग्लासगोचे हेल. तिथं दर उन्हाळ्यात एक जत्रा भरते. देवळाखालच्या मैदानात लांब बाकं टाकतात, मोठ्या कढया चढवतात आणि गावाला जेवण घालतात. जेवणात असतो स्कॉटलंडहून घरी आलेला तळलेला मासा आणि बटाटा.