पडघ्याचे परिमंडळ

भिवंडी सोडून मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिककडे निघाले की पडघा गाव लागते. एके काळी भातावर आणि गवताच्या व्यापारावर जगणारा हा सगळा पट्टा आता गोदामांनी भरला आहे. इथे नवे गोदाम घेऊन माणसे कामाला लावणाऱ्या मालकापुढे किमान वेतनाची अधिसूचना आली, की पहिला प्रश्न परिमंडळाचा असतो. भिवंडीत २००१ पासून महापालिका आहे, पडघ्यात ग्रामपंचायत. दुकाने व व्यापारी आस्थापनांच्या धर्तीवर पाहिले तर महापालिकांचा मुलूख परिमंडळ १, नगरपरिषदांचा २ आणि उरलेला ३, अशी ढोबळ वाटणी असते. एकाच मालकाची दोन गोदामे, एक शहराच्या हद्दीत आणि एक पडघ्यात असले, तर त्याच कामाचे मूळ वेतन दोन ठिकाणी वेगळे निघू शकते. ही रेघ कुठून आली, ते शोधायला आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगाकडे गेला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, ही मागणी होती. पगार किती असावा, हा प्रश्न मात्र त्या अर्जाने पुढे रेटला नाही. ठरलेले पैसे वेळेवर हाती पडणे, एवढेच तेव्हा मोठे होते.

रकमेचा प्रश्न कायद्यात आला तो साता समुद्रापार. न्यूझीलंडने १८९४ मध्ये लवादाची वाट धरली, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने १८९६ मध्ये वेतन मंडळे नेमली, ब्रिटनने १९०९ मध्ये त्यांचा कित्ता गिरवला आणि १९२८ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्यावर करार केला. आपल्याकडे एक कमी गाजलेला टप्पा मुंबईतच घडला. १९२१ मध्ये मुंबई सरकारचे कामगार कार्यालय सुरू झाले, त्याचे ‘लेबर गॅझेट’ निघू लागले आणि कामगाराच्या घरखर्चाचा निर्देशांक छापला जाऊ लागला. धान्य महागले की मजुरी किती वाढावी, याचे उत्तर आकड्यात मांडण्याची सवय तिथून लागली. आज १ जानेवारी आणि १ जुलै या दोन तारखांपासून महाराष्ट्रात जो विशेष भत्ता बदलतो, त्याचे मूळ या सवयीत आहे. मालक मंडळी हा भत्ता विसरतात आणि जुन्या अधिसूचनेतल्या मूळ दरावरच थांबतात. माझ्या मते परिमंडळ चुकण्याहून ही चूक महाग पडते, कारण अधिसूचना जितकी जुनी, तितका एकूण वेतनातला भत्त्याचा वाटा मोठा.

गिरण्यांच्या बाहेर, खुद्द ठाणे जिल्ह्यात, किमान दराची लढाई वेगळ्याच भाषेत झाली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा पडघ्याहून फार लांब नाही. वेठ आणि लग्नगडी, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी आलेली गुलामी, यांत अडकलेले वारली आदिवासी गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. त्यांची मागणी दिवसाला किमान १२ आण्यांची होती, आणि त्याच वर्षी गवत कापणीच्या हंगामात ५०० पौंड गवतामागे अडीच रुपयांची. १० ऑक्टोबरला तलासरीत गोळीबार झाला. पण मजुरीचा दर मालकाच्या मर्जीवर नसून आधी ठरलेला असतो, ही गोष्ट या जिल्ह्यातल्या गवताच्या माळांवर दिल्लीच्या कायद्याआधी बोलली गेली होती.

दिल्लीत ११ एप्रिल १९४६ रोजी मजूर सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी किमान वेतन विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर जगजीवनराम यांच्या कारकिर्दीत ते मंजूर झाले आणि १५ मार्च १९४८ पासून लागू झाले. पहिल्या अनुसूचीत भाताच्या, पिठाच्या व डाळीच्या गिरण्या होत्या, विडी होती, खडी फोडणे होते, रस्ते आणि बांधकाम होते, आणि स्वतंत्र भागात शेती होती. महाराष्ट्रात ही यादी पुढे ६७ रोजगारांपर्यंत गेली. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने वेगवेगळ्या स्थळांसाठी वेगळे दर ठरवण्याची मुभा दिली. परिमंडळांचा जन्म इथला.

दर किती, याचे गणित १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने घातले: कमावत्या माणसामागे तीन खाणारी एकके, माणशी २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्तीसाठी २० टक्के. १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. दरम्यान १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने किमानपेक्षा कमी मजुरीला नाममात्र मजुरी ठरवले आणि १९८२ मध्ये न्यायालयाने तसे राबवून घेणे म्हणजे सक्तीची मजुरी, असे सांगितले. वीटभट्टीवर बयाणा देऊन कातकरी कुटुंब बांधून ठेवणाऱ्यांना हे फार उशिरा कळले, काहींना अजून कळायचे आहे.

आता गोदामांकडे येऊ. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला संपली, पण तोवर माल जकातनाक्याच्या बाहेर साठवण्याची सोय पाहून भिवंडी तालुक्यात गोदामे फोफावली होती. म्हणजे महापालिकेच्या हद्दीने मालही बाहेर ढकलला आणि मजुरीही. कॅलरींच्या हिशोबात ग्रामपंचायत कुठेच नव्हती. पडघ्यात खोली भाड्याने घेणारा परप्रांतीय कामगार तांदूळ बाजारभावानेच घेतो. परिमंडळ ठरवताना मात्र स्थानिक संस्थेचा दर्जा पाहिला जातो, तिथला बाजार नाही. ही मांडणी मला जुनी झालेली वाटते.

तरी पाळायची तर नीट पाळावी. परिमंडळ कामाच्या जागेचे धरायचे, मुख्य कार्यालयाचे नाही. व्याख्या उद्योगागणिक बदलते, म्हणून आपल्या रोजगाराचीच अधिसूचना वाचायची. ठेकेदाराने कमी दिले तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने उरलेली रक्कम मूळ मालकाच्या अंगावर येत असे. चढ-उतार करणारे माथाडी १९६९ च्या कायद्याखालचे, त्यांचा हिशोब मंडळाकडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिने अनुसूचीची चौकट मोडून किमान वेतन सर्वच रोजगारांना लावले, राज्यांच्या दरांखाली केंद्राच्या तळदराची तरतूद केली आणि मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत देणे बंधनकारक ठेवले. जुन्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, त्यामुळे पडघ्यातल्या मालकाला नवे दर येईपर्यंत परिमंडळाचा जुना तक्ता आणि सहामाही भत्त्याचे परिपत्रक ही दोन्ही कागदपत्रे शेजारी ठेवूनच मस्टर भरावे लागेल.