स्वतंत्रपूर

औंध संस्थानाने स्थापन केलेली खुली कैदी वसाहत व ‘दो आँखें बारह हाथ’ या हिंदी चित्रपटाचे प्रेरणास्थान. ती सांगली जिल्ह्यात, माणदेश या अवर्षणग्रस्त प्रदेशातील आटपाडीजवळ आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी १९३९ मध्ये म. गांधींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने हा प्रयोग सुरू झाला. उंच तट व बेड्या यांऐवजी शेती आणि कुटुंब हे त्याचे आधार होत. निवडक कैदी येथे बायकामुलांसह राहतात व जमीन कसतात. शिक्षा भोगत असतानाच कैद्याला संसाराची व श्रमाची सवय राहावी, म्हणजे सुटकेनंतर तो समाजात परका ठरू नये, अशी यामागील भूमिका आहे.

व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिरातर्फे १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर (१९१९–७७) हे औंध संस्थानातीलच शेटफळे गावी जन्मले होते. खुनाबद्दल शिक्षा झालेले सहा कैदी घेऊन एक तुरुंगाधिकारी पडीक जमीन पिकवितो. कैदी भाजी रास्त दराने विकू लागताच बाजारातील व्यापारी त्यांच्यावर उलटतात. सुधारलेल्या माणसाची खरी परीक्षा तुरुंगात नव्हे, तर बाजारात होते, हे या प्रसंगातून प्रत्ययास येते. चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक व १९५८ च्या बर्लिन महोत्सवात पारितोषिक मिळाले.

चित्रपटाच्या कीर्तीच्या मानाने मूळ वसाहत मात्र उपेक्षित राहिली. दोहोंत एक महत्त्वाचा भेदही आहे. चित्रपटातील कैद्यांना अधिकाऱ्याच्या डोळ्यांचा धाक व जिव्हाळा बांधून ठेवतो; त्याच्या मृत्यूनंतरही ते डोळे त्यांच्यावर रोखलेले राहतात. स्वतंत्रपुरात ही जबाबदारी एका थोर व्यक्तीवर नसून घरसंसार व काळ्या मातीवर सोपविलेली आहे. त्यामुळेच १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावरही वसाहत टिकून राहिली. खुल्या कारागृहांची शिफारस संयुक्त राष्ट्रांच्या जिनीव्हा येथील परिषदेने १९५५ मध्ये केली. एका लहानशा संस्थानाने ती वाट त्यापूर्वीच चोखाळली होती.