वलयछेद : कुऱ्हाडीवाचून वृक्षनाशाचा इतिहास

परसातील नको असलेले झाड काढावयाचे म्हणजे ते तोडावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत असते. तथापि झाड न पाडता, उभ्याउभ्याच मारण्याची एक रीत पूर्वीपासून प्रचारात आहे. खोडाभोवती सालीचे संपूर्ण कडे काढून टाकणे, ही ती रीत होय. तिला प्रस्तुत टिपणात ‘वलयछेद’ म्हटले आहे. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे जाते. तो मार्ग तुटला की मुळे उपाशी राहतात. पाणी मात्र लाकडातून वर चढत राहते. म्हणून असे झाड कित्येक महिने हिरवे दिसते आणि मग वाळते. घाव व मृत्यू यांमधील हे अंतर अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावे; कारण घाव घालणारा हात त्यात दिसेनासा होतो.

एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील युरोपीय वसाहतकारांनी कुरणांसाठी विस्तीर्ण राने याच रीतीने मारली. थोड्या श्रमांत मोठे क्षेत्र मोकळे होई. त्याची किंमत पुढे कळली. पश्चिम ऑस्ट्रेलियात जमीन व झरे खारट होण्याचा संबंध तेथील वृक्षनाशाशी आहे, हे रेल्वेचे अभियंता डब्ल्यू. ई. वुड यांनी १९२४ साली मांडले.

ब्रह्मदेशात हेतू निराळा होता. ओले सागवान पाण्यावर तरंगत नाही. म्हणून सालीखालचे रसकाष्ठही छेदून साग उभाच वाळवीत आणि दोनतीन वर्षांनी तोडून नदीतून वाहून नेत. १८५६ पासून पेगूच्या सागवनांचा कारभार पाहणारे डीट्रिख ब्रँडिस यांनी या कामास शासकीय शिस्त लावली. पुढे सागासारख्या मोलाच्या वृक्षांना जागा व्हावी, म्हणून वनखात्याने ‘हलक्या’ जातींवरही हाच उपाय योजिला.

आता कायद्याकडे पाहू. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ ने राखीव वनात झाड तोडण्याजाळण्याबरोबर वलयछेद करणे व साल काढणे हेही अपराध ठरविले; मात्र वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने केलेले तेच कृत्य अपराध नव्हे. कृती एकच, भेद अधिकाराचा. सारांश, ‘नको असलेले’ हा झाडाचा गुण नसून ते ठरविणाऱ्याच्या सत्तेचा निर्देश आहे.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याने हा प्रश्न घराच्या आवारात आणिला. त्यात ‘झाड तोडणे’ या संज्ञेत जाळणे, कापणे व कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचा समावेश केला आहे. त्यामुळे आपल्या परसातील झाड नको, हे ठरविण्याचा मालकाचा अधिकारही मर्यादित झाला. कुऱ्हाडीच्या घावाची नोंद दप्तरात सापडते; मूक घावाची क्वचितच. वृक्षतोडीच्या आकड्यांवरून वनांचा इतिहास लिहिताना उभ्याने वाळलेल्या या झाडांची गणना कोठे झाली, हे प्रथम विचारले पाहिजे.