चादरीवरचे फूल आणि हरवलेले नाव

सोलापुरी चादरीवरच्या नक्षीला चौकटीच्या कागदावर नाव असते : मोर, कमळ, वेल. त्या चित्रावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडली की नाव संपते. जेकार्ड मागाला मोर ठाऊक नाही. भोक असेल तिथला हूक ताण्याचे धागे उचलतो, एवढेच. ल्याँच्या जोसेफ मारी जाकारने १८०४च्या सुमारास सिद्ध केलेली ही युक्ती अशी नामशून्य आहे.

संगणकात याच्या उलट परंपराही रुजली. १९५८ साली जॉन मॅकार्थी यांनी आरंभलेल्या लिस्प भाषेत कार्यक्रम चालू असतानाही नावे जिवंत राहत. १९९५ मध्ये ब्रेंडन आईक यांनी घडवलेल्या जावास्क्रिप्टने ते वैशिष्ट्य उचलले. कोणते फंक्शन बोलवायचे हे आधी ठाऊक नसले तरी चालते. ऐनवेळी हाती आलेले नाव चौकटी कंसात द्यावे आणि फंक्शन हजर! पाकिटावर 'शुक्रवार पेठ, सोलापूर' लिहिले की पोस्टमन पेठ शोधतो, तसेच हे.

अडचण पुढे आली. २००६ साली गूगलने जावातला कोड जावास्क्रिप्टमध्ये उतरवणारे जीडब्ल्यूटी प्रसिद्ध केले. जावात १९९७ पासून रिफ्लेक्शनने नावावरून मेथड बोलवता येई. इथे ती सोय गाळली गेली. कारण व्यवहारी होते. कोणतेही फंक्शन केव्हाही नावाने हाक मारून बोलवता येणार असेल, तर निरुपयोगी कोड कापायचा कसा? आणि न कापलेला कोड ग्राहकाच्या मंद इंटरनेटवरून उतरवावा लागणार.

२००९ मध्ये खुल्या झालेल्या क्लोजर कंपायलरने आणखी कठोर मार्ग दाखवला. त्याच्या प्रगत पद्धतीत 'हिशेब' नावाचे फंक्शन एकाक्षरी होते, पण अवतरणचिन्हांतला 'हिशेब' हा शब्द तसाच राहतो. पत्रावर जुना पत्ता, पेठेवर नवी पाटी! त्याहून घातक म्हणजे, केवळ अशा शब्दानेच बोलावले जाणारे फंक्शन कंपायलरला बिनकामाचे वाटते आणि ते छाटले जाते. कार्यशाळेत धावणारा कोड ग्राहकाकडे गेल्यावर कोसळतो. चूक मूळ मजकुरात कुठेच दिसत नाही.

२०१२ साली आलेल्या टाइपस्क्रिप्टने फक्त प्रकारांच्या खुणा पुसल्या, नावांना हात लावला नाही. जिथे नावे आखडतातच, तिथे प्रोग्रामरांनी जुनाच उपाय धरला : अवतरणचिन्हांत नाव आणि त्यापुढे फंक्शन, अशी स्वतंत्र नोंदवही. त्या नोंदीमुळे कंपायलरला फंक्शनचा वापर दिसतो आणि अवतरणातले नाव तो बदलत नाही.