मनगटावरचे गणित : डाइव्ह कंप्युटरचा इतिहास

१/ मालवणजवळच्या तारकर्लीत स्कुबासाठी उतरणाऱ्या प्रशिक्षित पाणबुड्याच्या मनगटावर घड्याळासारखे एक यंत्र असते. त्याला डाइव्ह कंप्युटर म्हणतात. सध्याची खोली, पाण्यात गेलेला वेळ आणि या खोलीवर अजून किती मिनिटे राहून न थांबता वर येता येईल, असे तीन आकडे ते दाखवत राहते. पहिले दोन आकडे मोजलेले असतात. तिसरा मोजता येत नाही. तो गणिताने काढावा लागतो. त्या गणिताची किंमत पुलाखाली राबणाऱ्या मजुरांनी, नौदलाच्या पाणबुड्यांनी आणि कळपभर शेळ्यांनी चुकवली आहे. समुद्रापासून दूर असलेला अहिल्यानगर जिल्हाही या इतिहासात येतो.

२/ पाण्याखाली शरीरात काय घडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, तेवढाच दाब समुद्रात दर १० मीटर खोलीला वाढत जातो. ३० मीटरवर एकूण दाब चौपट होतो. तिथे श्वासासाठी मिळणारी हवाही त्याच दाबाची असते, त्यामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत आणि चरबीत अधिक प्रमाणात विरघळतो. सावकाश वर आल्यास तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आल्यास गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जे घडते, तेच शरीरात घडते. सांध्यांत, रक्तवाहिन्यांत, मज्जारज्जूत बुडबुडे उठतात.

३/ या बुडबुड्याची पहिली नोंद इंग्लंडमधली आहे. १६७० मध्ये रॉबर्ट बॉइल याने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हवा काढून घेतलेल्या पात्रात ठेवलेल्या एका सापाच्या डोळ्यात बुडबुडा हलताना दिसल्याचे वर्णन आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६७ मध्ये पूर्ण झाले होते. म्हणजे दोन्ही घटना जवळपास एकाच काळातल्या. मात्र या निरीक्षणाचा माणसाच्या जिवाशी काय संबंध आहे, हे कळायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

४/ एकोणिसाव्या शतकात नदीच्या तळाशी पुलाचा पाया खणण्यासाठी कॅसन वापरात आले. कॅसन म्हणजे तळ नसलेली प्रचंड पेटी. तिच्यात दाबाखालची हवा भरली की पाणी बाहेर राही आणि मजूर आत खोदकाम करीत. पाळी संपवून वर आलेले मजूर सांधेदुखीने वाकत, काही कायमचे लुळे होत, काही दगावत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही १८७२ मध्ये याच विकाराने अंथरुणाला खिळला. पुढची कामे त्याची पत्नी एमिली हिच्यामार्फत चालली आणि पूल १८८३ मध्ये खुला झाला. वाकलेल्या रुग्णांवरूनच या विकाराला इंग्रजीत ‘बेंड्स’ हे नाव पडले.

५/ कारण शोधले फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने. १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हे बुडबुडे नायट्रोजनचे असल्याचे दाखवले होते. दाब सावकाश उतरवावा आणि विकार झालाच तर रुग्णाला पुन्हा दाबाखाली न्यावे, असे त्याने सुचवले. दिशा बरोबर होती. परंतु सावकाश म्हणजे किती सावकाश, कोणत्या खोलीवरून किती मिनिटांत, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. पाणबुड्याला तर आकडाच हवा होता.

६/ तो आकडा शोधण्याचे काम ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने हाती घेतले. त्याने प्रयोगांसाठी शेळ्या निवडल्या. शेळीला पोलादी कोठडीत दाबाखाली ठेवायचे, ठरावीक वेळाने दाब उतरवायचा आणि तिच्याकडे पाहत राहायचे. सांध्यात बुडबुडा झाला की शेळी पुढचा पाय उचलून धरी. संगमनेरी शेळ्या पाळणाऱ्या कोणत्याही घराला ही खूण ओळखीची वाटेल. पाय दुखणारी शेळी तो टेकवत नाही. या प्रयोगांत अनेक शेळ्यांना पांगळेपण आले आणि काही मेल्या.

७/ शेळ्यांनी एक नियम दाखवून दिला. एकूण दाब निम्म्यावर आणला तरी सहसा विकार होत नाही. दोन वातावरणांवरून एकावर येणे जसे निभावते, तसेच चारांवरून दोनांवर येणेही निभावते. म्हणून हाल्डेनने टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत मांडली. आधी दाब निम्म्यावर येईल इतके वर यायचे, तिथे थांबायचे, मग पुढच्या टप्प्यावर जायचे. शरीराचे सर्व भाग नायट्रोजन एकाच गतीने घेत वा सोडत नाहीत, हेही त्याने गणितात धरले. त्यासाठी त्याने पाच काल्पनिक कप्पे मानले. ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांत ते निम्मे भरतात, असे गृहीत धरले.

८/ माणसांवरची परीक्षा १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत झाली. नौदलाचे डेमंट आणि कॅटो हे पाणबुडे २१० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ६४ मीटर खोल जाऊन सुखरूप परतले. हाल्डेनचा तेरा वर्षांचा मुलगा जॅक यानेही तिथे बुडी मारली. पोशाख मापाचा नसल्याने त्यात पाणी शिरले होते. हाल्डेन, बॉयकॉट आणि डेमंट यांचा शोधनिबंध १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणबुड्यांच्या हाती प्रथमच शास्त्राधारित कोष्टके आली.

९/ तो जॅक म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर दाबाच्या कोठडीत त्यांनी स्वतःच्याच शरीरावर प्रयोग केले. त्यांतल्या एका प्रयोगात आचके येऊन त्यांच्या मणक्यांना इजा झाली. १९५७ मध्ये ते भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, पुढे भारतीय नागरिक बनले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. पाण्याखालच्या या गणिताच्या पहिल्या परीक्षेचा एक साक्षीदार असा अखेर भारतीय झाला.

१०/ कोष्टकांना एक मर्यादा होती. ती असे धरून चालत की पाणबुडा थेट तळाला जातो, काम संपेपर्यंत तिथेच राहतो आणि मग वर येतो. नौदलाच्या कामाला हे चालत असे. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी ‘ॲक्वालंग’ सिद्ध केले आणि चित्र पालटले. पाठीवर हवेची टाकी घेतलेला माणूस माशासारखा वरखाली फिरू लागला. २५ मीटरवर पाच मिनिटे आणि १० मीटरवर वीस मिनिटे घालवली, तरी कोष्टक सगळा वेळ २५ मीटरवरच मोजे.

११/ पाण्याखालचा इतिहास वाचणाऱ्यांचीही हीच अवस्था. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांना सुंची खडकाजवळच्या बुडालेल्या जहाजाच्या जागी तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात सापडले. ती जागा उथळ होती, म्हणून वेळेची चणचण कमी. उत्खनन जितके खोल, तितकी मिनिटे मोजकी. जमिनीवरच्या उत्खननात दिवस मोजतात. खोल पाण्यात मिनिटे मोजावी लागतात.

१२/ म्हणून माणसाबरोबर फिरणारे आणि प्रत्येक क्षणाची खोली धरणारे साधन हवे होते. १९५९ मध्ये इटलीत असे एक यांत्रिक उपकरण निघाले. त्यात पाण्याच्या दाबाने दबणाऱ्या पिशवीतला वायू सच्छिद्र चिनीमातीच्या तुकड्यातून हळूहळू दुसऱ्या कप्प्यात झिरपे आणि काटा सरके. शरीरातल्या नायट्रोजनची ती नक्कल होती. मात्र पाच कप्प्यांचे काम एकच तुकडा करी, त्यामुळे त्याची अचूकता बेताची होती.

१३/ खरा बदल मायक्रोप्रोसेसरने घडवला. १९८३ मध्ये अमेरिकेत ‘ऑर्का एज’ हे यंत्र बाजारात आले. दर काही सेकंदांनी दाब मोजून ते १२ कप्प्यांचे गणित नव्याने मांडी. त्याच वर्षी झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्युलमान यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांच्या पुढच्या मांडणीत १६ कप्पे आहेत आणि सर्वांत मंद कप्पा निम्मा भरायला ६३५ मिनिटे घेतो. आजच्या अनेक यंत्रांत हेच गणित चालते.

१४/ ब्युलमान स्वित्झर्लंडचे होते आणि त्यांच्या देशातली तळी डोंगरांत होती. उंचीवर हवेचा दाब मुळातच कमी असतो. त्यामुळे त्यांनी समुद्रसपाटी गृहीत न धरता, तळ्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्यक्ष दाब गणितात घेतला. महाराष्ट्राच्या देशावरच्या माणसाला इथे कान टवकारावे लागतात, कारण त्याच्याही पायाखालची जमीन समुद्रसपाटीपासून बरीच वर आहे.

१५/ अकोले तालुक्यातले भंडारदरा घ्यावे. प्रवरेवरचे हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा जलाशय सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ९१ टक्के असतो. समुद्रात ३० मीटरवरचा दाब पृष्ठभागाच्या चौपट भरतो. भंडारदऱ्यात गोड्या पाण्याचे कमी वजन धरूनही तेच गुणोत्तर ४.२ च्या जवळ जाते. हाल्डेनची सारी भिस्त गुणोत्तरावर होती. म्हणून समुद्रासाठी आखलेले कोष्टक अशा पाण्यात सुरक्षिततेचा अंदाज चुकवते. आधुनिक यंत्रे उंची स्वतः ओळखतात किंवा तिची नोंद करून घेतात. काही यंत्रांत गोडे की खारे पाणी, हेही निवडावे लागते.

१६/ उंचीचा प्रश्न बुडी संपल्यावरही सुटत नाही. तारकर्लीत दोन दिवस खोल बुड्या मारून नगरकडे निघालेल्याला घाट चढावाच लागतो. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, अहिल्यानगर शहर सुमारे ६५० मीटरवर. विमानप्रवासाआधी एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे, अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस आहे. ती सुमारे ६०० मीटरच्या उंचीपासून लागू होते. पर्यटकाच्या एका उथळ बुडीत धोका अल्प असतो. मात्र लागोपाठ खोल बुड्या मारणाऱ्याने त्याच संध्याकाळी घाट चढणे टाळावे.

१७/ हे यंत्र शरीराच्या आत पाहत नाही. थकवा, शरीरातली पाण्याची कमतरता, वय, थंडी, जुनी दुखापत यांपैकी काहीही त्याला दिसत नाही. त्याला ठाऊक असतो फक्त दाब आणि वेळ. त्या दोहोंवरून ते एका काल्पनिक माणसाचे कप्पे भरते आणि रिकामे करते. म्हणून ‘शून्य मिनिटे’ येईपर्यंत खाली रेंगाळणे शहाणपणाचे नाही. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जलद वर न येणे आणि सुमारे ५ मीटरवर तीन मिनिटे थांबणे, ही सवय यंत्र असले तरी सोडायची नाही.

१८/ त्याची निगा राखण्याचे नियमही याच इतिहासातून निघतात. सगळे गणित दाबाच्या एका संवेदकावर उभे असते. त्याच्या बारीक छिद्रांत मिठाचे खडे जमले की खोलीचा आकडाच बिघडतो. त्यामुळे बुडीनंतर यंत्र गोड्या पाण्यात भिजवून ठेवावे. जोराची धार मारू नये, टोकदार काडीने छिद्र कोरू नये. कोकणच्या उन्हात होडीच्या फळीवर ते तापत ठेवू नये. धुतल्यावर पुसून कोरडे करावे, कारण अनेक यंत्रे ओलाव्यानेच चालू होतात आणि बॅटरी संपवतात. बॅटरी बदलताना रबरी कडी स्वच्छ व अखंड आहे ना, हे पाहावे.

१९/ यंत्राची स्मृती हा दुसरा आधार. सकाळच्या बुडीतला उरलेला नायट्रोजन ते दुपारच्या हिशेबात धरते. म्हणून एकाचे यंत्र दिवसाच्या मध्येच दुसऱ्याने बांधले, तर हिशेब एकाचा आणि शरीर दुसऱ्याचे होते. दोघांनी मिळून एक यंत्र वापरणेही याच कारणाने चूक. एखाद-दोन मीटर खोलीचा फरकही वेळेचा हिशेब बदलतो. काही यंत्रांत बॅटरी काढताच ही स्मृती पुसली जाते, त्यामुळे ती बुड्यांच्या मालिकेच्या मध्येच बदलू नये. पाण्याखाली यंत्र बंद पडले तर सावकाश वर यावे, ५ मीटरवर थांबावे आणि पुढचे २४ तास पाण्यात उतरू नये.

२०/ हाल्डेनचे २:१ हे प्रमाण पुढे सुधारावे लागले. लवकर भरणाऱ्या कप्प्यांसाठी ते गरजेपेक्षा कडक आणि मंद कप्प्यांसाठी सैल ठरले. कप्पे पाचांचे सोळा झाले, कागदाची जागा काचेने घेतली. शेळ्यांपासून सुरू झालेली मूळ कल्पना मात्र आजही प्रत्येक बुडीत चालू असते. मालवणच्या पाण्यात मनगटावरचा आकडा घटू लागतो, तेव्हा १९०८ चाच विचार पुन्हा मांडला जात असतो. यंत्र धुऊन ठेवणे आणि घाट चढण्याआधी एक रात्र किनाऱ्यावर काढणे, ही त्या विचाराची अगदी स्वस्तातली किंमत आहे.